पोयवाडीची वाट

रेवदंड्याच्या बाजारामागच्या गल्लीत माझं प्रसूतिगृह आहे. खाली ओपीडी, वर खाटा आणि एक छोटं थिएटर. मंगळवार आणि गुरुवार ऑपरेशनचे. त्या दिवशी सकाळी नारळाच्या झापांवर ऊन यायच्या आत क्षिप्राची स्कूटर फाटकात शिरायची. डॉ. क्षिप्रा गानू, भूलतज्ज्ञ. अलिबागपासून मुरुडपर्यंत जिथे जिथे बोलावणं येईल तिथे जाणारी. आमच्या किनाऱ्यावर भूल देणारे डॉक्टर मोजकेच, त्यामुळे तिच्या डिकीत कायम दोन गोष्टी असत, औषधांची पेटी आणि जेवणाचा डबा. पेटी रोज उघडली जायची. डबा बऱ्याचदा तसाच घरी परत जायचा.

मी गौरी. स्त्रीरोगतज्ज्ञ. क्षिप्रा आणि मी मेडिकलला एकाच वर्गात होतो, आणि योगायोगाने दोघींची लग्नं याच किनाऱ्यावर झाली. तिचा नवरा यशोधन अलिबागला ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो आणि नागावची पोफळीची वाडी बघतो. मी सांगते आहे ते क्षिप्राच्या बाबतीत घडलं. बरंचसं माझ्या डोळ्यांदेखत घडलं, म्हणून सांगण्याचं धाडस करते आहे.

क्षिप्राची एक पद्धत होती. भूल देताना ती पेशंटला बोलतं ठेवायची. उशाशी उभी राहून, कपाळावर हात ठेवून विचारायची, आज घरी काय केलं होतं, मुलगा कितवीत आहे, माहेर कुठलं. बाई सांगत असतानाच तिचे शब्द जड व्हायचे आणि ती झोपून जायची. घाबरायला वेळच मिळायचा नाही. अशी भूल देणारी दुसरी व्यक्ती मी पाहिली नाही.

केसरलाही तिने असंच बोलतं ठेवलं होतं.

केसर थेरोंड्याची. नवरा जीवन मासेमारीच्या बोटीवर. दुसरं बाळंतपण, अगदी सरळ. मुलगी झाली, रडली, केसरने तिच्याकडे बघून हसून घेतलं. मग वार सुटेना. रक्तस्राव सुरू झाला तो थांबेना. शनिवारची दुपार होती. मी क्षिप्राला फोन केला, ती वाड्यांमधल्या पाखाडीच्या अरुंद वाटेने स्कूटर काढत पोचली. जीवनचा भाऊ रक्त आणायला अलिबागला गेला होता आणि परत येताना चौलच्या अलीकडे पर्यटकांच्या गाड्यांत अडकला होता. तो दर थोड्या वेळाने फोन करून सांगत होता, "मॅडम, हललो हाव. मॅडम, परत थांबलो."

थिएटरमध्ये क्षिप्राने केसरच्या कपाळावर हात ठेवला.

"केसर, माहेर कुठलं गं तुझं?"

"पोयवाडी. मांडल्याच्या म्होरं." केसरचे ओठ पांढरे पडले होते, तरी ती हसली. "तुमी या ना एकदा मॅडम. आयशीला लय बरा वाटंल. यष्टीतनं उतरलां का पिंपल हाय. त्याच्या बाजूनं खाली या. मंग बाव लागल. बावीपासून..."

बाव म्हणजे विहीर. बावीपासून पुढे ती बोलली नाही. औषध चढलं होतं. रक्त खालच्या दारात पोचलं तेव्हा मी तिच्या छातीवरून हात काढले होते.

आम्ही नंतर कितीदा तरी ती दुपार उलटीसुलटी करून पाहिली. काही चुकलं नव्हतं. सगळं नीट करूनही माणूस जातं, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. त्यानंतर घरी जाऊन काय करायचं, ते कोणी शिकवत नाही. गर्दी जमेल, काचा फुटतील, अशी मला धास्ती होती. तसं काहीच झालं नाही. जीवनने मुलीला टॉवेलात गुंडाळून घेतलं, आमच्या दोघींसमोर हात जोडले आणि जिना उतरून गेला. क्षिप्रा नंतर म्हणाली, "त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

सोमवारी सकाळी माझ्याकडे सिझर होतं. ती आली. मीही उभी राहिले. दुसरं काय करणार?

शिमगा होऊन गेला तसं क्षिप्राचं बदलणं दिसायला लागलं. फाटकातून आत आल्यावर ती स्कूटरवरच बसून राहायची, हेल्मेटसकट. ऑक्सिजनचं सिलिंडर पुन्हा पुन्हा उघडून बघायची. आणि ती पेशंटशी बोलेनाशी झाली. उशाशी उभी राहायची, मुकाट औषध द्यायची आणि मला मानेने खूण करायची, कर सुरू. मी एकदा म्हटलं, "अगं, बोल ना त्यांच्याशी." ती म्हणाली, "मी विचारलं की त्या सांगायला लागतात."

चौलच्या तुळशीबाईंची पिशवी काढायची होती, ते चैत्रातलं. मोठ्या वाडीवाल्या, कडक सोवळ्याच्या, बोलणं अगदी स्वच्छ. ऑपरेशन झालं, त्या शुद्धीवर यायला लागल्या. दिपाली सिस्टर त्यांना हाका मारत होती. तुळशीबाईंनी डोळे न उघडता, कुणाला तरी समजावून सांगावं तशा सुरात सांगितलं, "डाव्या आंगाला."

"काय म्हणालात आजी?"

"बावीपासून डाव्या आंगाला वलाचा."

एवढंच. मग त्यांनी पाणी मागितलं, तेही त्यांच्या नेहमीच्या भाषेत. भुलीतून उठताना माणसं काहीबाही बोलतात, त्याचं आम्हाला नवल नसतं. मी हातमोजे काढत होते. मागे वळले तर क्षिप्रा भिंतीला टेकून उभी होती आणि तिचा चेहरा चादरीसारखा पांढरा झाला होता. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

"योगायोग आहे," मी म्हटलं.

"हो," ती म्हणाली.

दोन दिवसांनी टाके बघायला गेले तेव्हा मी तुळशीबाईंना सहज विचारलं, पोयवाडीला कधी गेला होतात का. त्यांनी नाव ऐकलं नव्हतं.

पुढची मृणाली. अलिबागच्या शाळेत मराठी शिकवणारी, तिसऱ्या महिन्यात गर्भ गेलेला, पिशवी साफ करायची होती. पाच-दहा मिनिटांचं काम. ती जागी होत होती आणि तिच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी वाहत होतं, जे अशा वेळी वाहतंच. ती म्हणाली, "मंग सुकटीचा खला लागल. कडंकडंनं या. सुकट तुडवू नका."

मराठीची शिक्षिका 'खळं' न म्हणता 'खला' म्हणाली. 'ळ'च्या जागी 'ल', जसा कोळीवाड्यात बोलतात तसा. आणि आवाज तिचाच होता, हे मला जास्त लागलं. आवाज वेगळा आला असता तर मी भूतखेत म्हणून हसण्यावारी तरी नेलं असतं.

त्या दिवशी क्षिप्रा माझ्या केबिनमध्ये बसली आणि म्हणाली, "हे फक्त तुझ्याकडे होत नाहीये, गौरी."

अलिबागला हर्नियाच्या ऑपरेशननंतर एक व्यापारी उठला होता, घरी गुजराती बोलणारा. तो म्हणाला होता, खल्याच्या पल्याड खाजनाचा बांध. खाजण म्हणजे खाडीकाठची खारी जमीन. मुरुडला एका मुलाचा हात बसवला, तोही तेच म्हणाला. पहिल्याने सांगितलेलं कळलं नसेल म्हणून की काय, बांधापर्यंतचं दोघांनी सांगितलं होतं. तिने औषध बदलून पाहिलं. आधी केटामिन होतं, त्याने स्वप्नं पडतात, हे पुस्तकात आहे. ते बंद केलं. दुसरं दिलं, तेही बदललं. फरक पडला नाही.

मी शास्त्र शिकलेली बाई आहे. मला एकच उत्तर सुचलं आणि ते मी तिला बोलले नाही. क्षिप्रा स्वतःच, तिच्याही नकळत, मास्कच्या आड हे पुटपुटत असेल. पेशंटच्या कानाशी तिचंच तोंड असतं. भुलीच्या उंबरठ्यावर कानात पडलेलं माणूस उठताना बोलून दाखवतं, यात अशक्य काही नाही. मनावर आघात झालेलं माणूस असं करू शकतं. मला त्या उत्तराने जरा बरंसुद्धा वाटलं. आजारी मैत्रीण परवडते.

म्हणून मी लक्ष ठेवलं.

मुरुडची नाझनीन सिझरला आली. कमरेत इंजेक्शन, म्हणजे बाई पूर्ण जागी. झोपेचं औषध थेंबभरही दिलेलं नव्हतं, मी स्वतः पाहिलं. क्षिप्राला मी मुद्दाम सांगितलं, तू आज खिडकीपाशी उभी राहा, मॉनिटर तिथूनही दिसतो. ती खिशात हात घालून तिथे उभी राहिली. मास्कही उतरवलेला. नाझनीन बडबडी. दिपालीला आपल्या जावेच्या तक्रारी सांगत होती.

"मैं बोली, भाभीजान, बिर्याणी तुमच्याच हातची पाहिजे मला डिलिव्हरीनंतर, तर ती म्हणते कशी, गॅस संपलाय, आणि मग बांधावरनं उतरलां का तीन घरां हायेत, मधला आमचा, तर मी बोलले, गॅस संपला तर चुलीवर करा, अल्ला, हसवू नका मला, दुखेल ना?"

दिपालीच्या हातातून चिमटा खाली पडला.

"काय म्हणालीस तू?" मी विचारलं.

"चुलीवर करा म्हणाले," नाझनीन म्हणाली. "का? काय झालं? बाळ ठीक आहे ना, डॉक्टरबाई?"

बाळ ठीक होतं. मी ते बाहेर काढलं, ते रडलं, सगळ्या हसल्या. खिडकीपाशी क्षिप्रा खालच्या रस्त्याकडे बघत होती. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते.

त्यानंतर मी यशोधनला फोन केला. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "रोज पहाटे ती उठून बसते. बोलत नाही. मला वाटलं, दमणूक असेल." तिने रजा घेतली. मुंबईला एका मानसोपचारतज्ज्ञांकडे ती आठवड्यातून एकदा रो-रो बोटीने जाऊ लागली. तिच्या जागी सलिल येऊ लागला, अलिबागचाच, तरुण, गाणी गुणगुणत भूल देणारा. त्याचे पेशंट उठायचे ते पाणी मागत, नाहीतर ओकत. कुणी काही बोललं नाही. अर्धा पावसाळा असाच गेला आणि मला वाटलं, संपलं.

श्रावण संपता संपता ती परत आली. जरा भरल्यासारखी दिसत होती. पहिलीच पेशंट कुटुंबनियोजनाची, थळची. ती उठली, क्षिप्राकडे सरळ बघितलं आणि म्हणाली, "दार नुसता लोटलेला हाय. हाक मारू नका. या."

क्षिप्राने तिचा हात थोपटला. म्हणाली, "हो. येते."

त्या रविवारी क्षिप्रा पोयवाडीला गेली. मी सोबत जाणार होते, पण पहाटेच एक पहिलटकरीण दाखल झाली आणि मला हलता येईना. यशोधनला तिने सांगितलं नाही. सोमवारी सकाळी ती माझ्या केबिनमध्ये आली, डबा उघडला आणि थालीपीठ खायला लागली. किती महिन्यांनी मी तिला खाताना बघत होते.

"सापडलं?" मी विचारलं.

"सगळं तसंच आहे. पिंपळ, बाव, डावीकडे वळलं की सुकटीचं खळं. बायका पाठमोऱ्या बसून सुकट परतत होत्या. एकीनेही वर पाहिलं नाही. मला बरंच वाटलं, नाहीतर गावात नवीन माणूस दिसलं की किती बघतात. बांधावरून उतरले. तीन घरं. मधल्याचं दार लोटलं."

"कोण होतं?"

"आईच असणार. उजेड कमी होता आत. तिने पाणी दिलं, मचूळ होतं, पण मी प्यायले. मग मी तिला सगळं सांगितलं, गौरी. रक्ताची गाडी, चौलची ती रांग, केसरला दुखलं नाही, ती माहेराबद्दल बोलत होती. सगळं. ती ऐकत होती. मध्ये एकदाही रडली नाही."

"काही म्हणाली नाही?"

"शेवटी विचारलं, तुमचं घर कुठं. मी सांगितलं, नागावला. ती म्हणाली, नीट सांगा. मग मी सांगितलं नीट, कुठून वळायचं, कसं यायचं. या एकदा, म्हटलं." क्षिप्राने डब्याचं झाकण लावलं. "असं म्हणतोच ना आपण."

क्षिप्रा बरी झाली. हे मी डॉक्टर म्हणून सांगते. ती झोपू लागली. पेशंटशी बोलू लागली. एका पेशंटने तिला भुलीच्या आधी उकडीच्या मोदकांची कृती सांगितली आणि उठल्यावर म्हणाली, गूळ सांगायचा राहिला. आम्ही दोघी इतक्या हसलो की दिपाली बघायला आली. क्षिप्राने गुरुवारचं काम सोडलं. दुपारी जेवून झोपायचं, एवढंच गुरुवारी करायचं, असं तिने ठरवून टाकलं. गुरुवार सलिलकडे गेला.

दसऱ्यानंतर एका सकाळी केसरची आई माझ्याकडे आली. कमळ तिचं नाव. कडेवर केसरची मुलगी, अंगावर पुरळ आलं होतं म्हणून दाखवायला आणलेली. मुलगी गुटगुटीत होती, डोळे आईचे. मी औषध लिहून दिलं आणि मग मला राहवलं नाही.

"आमच्या क्षिप्रा मॅडम तुमच्याकडे आल्या होत्या ना, त्यांना फार बरं वाटलं हो. तुम्ही त्यांचं सगळं ऐकून घेतलंत."

"माज्याकडं?" ती म्हणाली. "कंदी?"

"श्रावणात. पोयवाडीला."

तिने मुलीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. "पोयवाडीत कोन हाय आता, मॅडम? यंदा पावसाच्या तोंडाला वादल आयला, त्यात सगला गेला. खला गेला, बांध गेला. आमी समदी उठून आयलो. मी लेकाकडं उरनला असतंय. बाव तेवरी उरली, तिच्यात पन आता खारा पानी."

"तीन घरं होती ना?" मी विचारलं. "मधलं तुमचं?"

"व्हय," ती म्हणाली. "तुमाला कुनी सांगितला?"

मी विषय बदलला. ती गेल्यावर मी हात धुतले, आणि उगाचच पुन्हा धुतले. क्षिप्रा वरच होती, थिएटरात, हसण्याचा आवाज खालपर्यंत येत होता. तिला सांगावं का? मी जिन्यापर्यंत गेले. मग ती हेल्मेट घालून बसून राहायची ते सगळे दिवस मला आठवले. चुकीच्या घरात गेली असेल, दुसऱ्या वाडीत गेली असेल, काहीही असेल. तिला झोप लागत होती. मी सांगितलं नाही.

हे झालं ऑक्टोबरात. दिवाळी गेली. यशोधनने वाडीचं फाटक स्वतः रंगवलं आणि फोटो पाठवला. छान निळा रंग.

मग तो गुरुवार.

सकाळची पेशंट बोर्लीची, पन्नाशीची, पिशवीत गाठ. सलिल गाणं गुणगुणत होता. सगळं सुरळीत झालं. मी टाके घालून बाजूला झाले, ती हळूहळू उठत होती.

"नागावात शालेच्या मागनं," ती म्हणाली.

सलिल गुणगुणायचा थांबला नाही. त्याला काहीच माहीत नव्हतं.

"शालेच्या मागनं समुद्राच्या वाटंला. पोफलीची वाडी. निला फाटक."

दिपालीने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे.

श्रावणात क्षिप्राने वाट सांगितली तेव्हा ते फाटक निळं नव्हतं. उन्हापावसाने करपलेलं, रंग उडालेलं लाकूड होतं. 

दुपार झाली होती. मी खाली येऊन क्षिप्राला फोन लावला. वाजत राहिला. ती दुपारी झोपताना फोन पडवीत ठेवते. यशोधनला लावला, तो तासावर होता, बंद. अर्ध्या तासाची वाट आहे, मी जाऊन येऊ शकले असते. मी चप्पल घातलीसुद्धा.

फाटकात रिक्षा थांबली. रोह्याकडची मुलगी, पोट ताठ, ओठ पांढरे. गर्भ नळीत राहिला होता आणि नळी फुटली होती.

मी चप्पल काढली.

ती वाचली. या वेळी रक्त वेळेवर आलं, रस्ते रिकामे होते, सलिलचे हात चांगले होते. तिचा रक्तदाब चढत गेला तसा माझ्या मानेवरचा घाम वाळत गेला. तिच्या गालाला हलकेच थापट मारून सलिल म्हणाला, "ताई, झालं ऑपरेशन. डोळे उघडा."

तिने डोळे उघडले नाहीत.

"फाटकाला कडी न्हाय," ती म्हणाली.

"काय?" सलिल म्हणाला.

"पडवीतनं आत. दुसरी खोली." तिचा आवाज अगदी खाली आला, शेजारी कोणी झोपलेलं असावं तसा. "भिंतीकडं तोंड करून निजते ती."

मी रक्ताळलेल्या मोज्यांनिशीच बाहेर आले. दात लावून एक मोजा ओढून काढला. यशोधनला फोन लावला, त्याने पहिल्याच घंटीला उचलला.

"घरी आहेस?"

"हो, आत्ताच आलो. का गं? धापा का टाकतेयस?"

"क्षिप्रा कुठे आहे?"

"झोपलीय. आतल्या खोलीत. इतकी गाढ, मी आलेलंही कळलं नाही तिला." तो हलक्या आवाजात बोलत होता. "आणि थँक्यू हं, गौरी."

"कशाबद्दल?"

"ती बाई पाठवलीस त्याबद्दल. तुमच्याकडचीच आहे ना? मी आलो तेव्हा तिच्या उशाशी बसली होती. चहा विचारला, नको म्हणाली."

"यशोधन, क्षिप्राला उठव. आत्ता. हाका मार."

"अगं पण..."

"उठव."

त्याने फोन हातात धरूनच दोन पावलं टाकली असावीत. जमिनीवर चपला घासल्याचा आवाज आला. त्याने हाक मारली, क्षिप्रा. पुन्हा मारली, जरा मोठ्याने. मग फोनमध्ये नुसता पंख्याचा आवाज येत राहिला.

आणि त्याच्या अगदी जवळून, खोलीतूनच, एक बायकी आवाज आला. गोड, सावकाश, एखाद्या पोराला झोपवून बाहेर आल्यासारखा.

"हाका नका मारू, भावजी. ती आता नाय उठायची."